बुधवारचा अडसर

"दार तोडावं लागलं, आत्या," बसवराज फोनवर म्हणाला, आणि पुढचं मला काही विचारावं लागलं नाही. बसवराज माझा भाचा, महादेवी वहिनीचा मुलगा. बुधवार होता, दुपार होती. बुधवारी दुपारची जेवणं उरकली की वहिनी आपल्या खोलीचं दार लावायची, त्याला आतून आडवा अडसर घालायची, टीव्हीवर एखादा जुना काळा-पांढरा सिनेमा लावायची आणि तो संपेपर्यंत दार उघडायची नाही. पाहुणा येवो, पोस्टमन येवो, की घराला आग लागो. त्या दिवशी सिनेमा संपला, दुसरा सुरू झाला, तरी दार उघडलं नाही. शेवटी बसवराजनं आणि शेजारच्या पोरांनी खांदे लावले. बिजागऱ्या चौकटीतून उखडून आल्या, एक फळी उभी फाटली, अडसर मात्र जागचा हलला नाही. वहिनी आत खुर्चीत बसलेली होती... "सकाळी कुणाशी भांडली होती का रे?" मी विचारलं. "दूधवाल्याशी," तो म्हणाला. मला बरं वाटलं. आजारी पडून, मऊ होऊन, सगळ्यांना माफ करून ती गेली असती तर मला ती ओळखूच आली नसती.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. तिला खड्ड्यात बसवली, कपाळभर विभूती लावली, तेव्हा सगळ्या बायका हुंदके देत होत्या आणि मी कोरडी उभी होते. ताठ पाठ, पुढे बघणारं तोंड... चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी दगडी टॉकीजच्या दाराशी स्टुलावर ती अशीच बसायची. मला वाटलं, आता उठेल आणि एकेकीला म्हणेल, गप बसा की. पुढे महिना होऊन गेला, तरी मला रडू आलं नाही. लोक म्हणतात, नणंद-भावजयींचं तसंच असतं. म्हणू देत.

दगडी टॉकीज म्हणजे नवी पेठेच्या मागच्या अंगाला असलेलं फार जुनं थेटर. काळ्या दगडाच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, लाकडी घडीच्या खुर्च्या. त्याचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते कुणी घेत नसे. सत्तरच्या दशकात नवे मारामारीचे सिनेमे आले आणि गिरणीवाल्या पुरुषांची तिथे अशी काही झुंबड उडायला लागली की बायकांनी जाणंच सोडलं. तेव्हा म्हाताऱ्या मालकांनी एक युक्ती काढली. बुधवारी दुपारी जुने सिनेमे, फक्त बायकांसाठी. जुन्या फिल्मच्या पेट्या रेल्वेनं यायच्या, फिल्म जागोजाग जोडलेली असायची, मध्येच तुटायची, आवाज फाटका यायचा. पण विडी कामगार बायका, पेठेतल्या शेटाण्या, आमच्या गल्लीतल्या सुना, सगळ्या यायच्या. तोच सिनेमा दर दोन-चार महिन्यांनी परत यायचा आणि त्या परत तेवढ्याच रडायच्या. खाष्ट सासू पडद्यावर आली की चपला भिरकावायच्या. खेळ संपला की पडद्याखाली चपलांचा ढीग पडलेला असे आणि त्यात जोड शोधताना खऱ्या सासवा-सुनांची जुंपे.

वहिनीला तिथली नोकरी कशी लागली, ते ऐकण्यासारखं आहे. मी कॉलेजात होते. तिच्याबरोबर असाच एक खेळ बघत होते. दारावरचा माणूस बॅटरी घेऊन रांगांमधून फिरायचा आणि अंधारात त्याचा हात कुठेही लागायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं. त्या दिवशी तो हात मला लागला. मी अंग चोरलं. वहिनीनं ते पाहिलं, शांतपणे त्याचं मनगट धरलं, बोटं शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या घडीत घातली आणि पाय देऊन खुर्ची मिटली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय. तो गुरासारखा ओरडला, दिवे लागले, मालक धोतर सावरत धावत आले. वहिनी खुर्चीवरून पाय न काढता म्हणाली, "मालक, बायकांच्या खेळाला बाप्या दारावर कशाला ठिवताय? तुमाला बाई मिळंना, व्हय?" पुढच्या बुधवारपासून ती दारावर होती.

घरी दादानं, माझ्या भावानं, तोंड वाकडं केलं. "बाईमाणसानं टॉकीजच्या दारात हुबं ऱ्हायचं? लोक काय म्हणतील?"

"तुमी सुट्टीला पानपट्टीच्या दारात हुबं ऱ्हाता, तवा लोक काय म्हणत्यात?" वहिनी म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

तिनं पहिल्याच आठवड्यात मालकांकडून दाराला सागवानी अडसर करून घेतला. मनगटाएवढा जाड, दोन्ही टोकांना लोखंडी पट्टी. नियम तिचा स्वतःचा होता: खेळ सुरू झाला की अडसर पडणार, आणि पडद्यावर 'समाप्त' आल्याशिवाय निघणार नाही. बाहेर नवरे येऊन दारावर लाथा घालत. पोरगं रडतंय, पाहुणे आलेत, भाकऱ्या कोण थापणार. आत ही अडसराला पाठ लावून स्टुलावर बसलेली. एकदा मी तिला विचारलं, एवढा कसला हट्ट. तिनं फार सहज सांगितलं. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, रानातलं. "आमच्या घराला दार नव्हतं. गोणपाट लावल्यालं हुतं. बाप कवाबी यायचा आन आईला मारायचा. आई म्हनायची, यव्वा, येक दार असतं तर आत बसून निदान पोटभर रडले असते." नंतर ती तांदूळ निवडायला लागली. मी त्या दिवशी जेवले नाही.

आणखी एक सांगायला हवं. एवढे खेळ झाले, पण दारावर बसल्यापासून वहिनीनं एकही सिनेमा पाहिला नाही. तिचं स्टूल बायकांकडे तोंड करून असे, पडदा एका बाजूला. ती सिनेमा ऐकायची आणि बायकांची तोंडं बघायची. कुणाला घेरी येतेय, कुणाच्या गळ्यातल्याला कुणाचा हात लागतोय, कुणाच्या गालावर नवा वळ आहे. तोंडांवरूनच तिला कळायचं सिनेमा कुठवर आलाय.

लक्ष्मीच्या गालावर नेहमीच वळ असे. ती तेलुगू बोलणारी, विड्या वळणारी, अंगानं काडी. नवरा यंत्रमागावर होता आणि संशयी होता. बुधवारी ही सिनेमाला जाते म्हणजे दुसऱ्याच कुणाकडे जाते, असं त्यानं डोक्यात घेतलं होतं. एकदा तिला गरम चिमट्यानं दंडावर डागलं. वहिनीनं खेळ सुरू असताना तिथेच तिच्या दंडाला खोबरेल लावलं आणि विचारलं, "परत येशील का?" लक्ष्मी म्हणाली, "येते अक्का. हितं यायलाच तर आठवडाभर जगते." नवऱ्यानं गल्लीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पुढच्या बुधवारी गेलीस तर जिवंत परत येणार नाहीस. तरी ती आली. वहिनीनं तिला मधल्या रांगेत, सगळ्यांच्या घोळक्यात बसवलं. त्या दिवशी मीही आले होते, तिच्या मागच्याच रांगेत, कडेला होते.

सिनेमा पाठ झालेला होता. आंधळ्या आईचा मुलगा लहानपणी हरवलेला असतो. शेवटाकडे तो देवळाच्या पायरीवर तिला भेटतो आणि ती त्याच्या तोंडावरून हात फिरवून त्याला ओळखते. आमच्या बायका त्या प्रसंगाची वाट बघत नसत. देवळाची घंटा वाजली की आधीच रडायला लागत, कारण पुढचं ठाऊक असे. तशी घंटा वाजली. सगळ्या थेटरातले पदर एकदम डोळ्यांना लागले. फक्त एक पदर लागला नाही. लक्ष्मीच्या बरोबर मागे डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई मान वर करून पडद्याकडे टक लावून बसली होती.

वहिनी उठली. दाराजवळच्या दोघींना म्हणाली, "पाठ लावा दाराला." अडसर काढून घेतला आणि भिंतीच्या कडेनं मागे आली. माझ्याजवळून जाताना मी काहीतरी बोलले, तर तिनं दातांतून "सुम्न कूड" म्हटलं, म्हणजे गप बस. मग मला त्या बाईचे पाय दिसले. भेगाळलेले, रुंद, पुरुषाचे. आणि मांडीवर, लुगड्याच्या घडीत, सुरा. वहिनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकून वळला आणि त्यानं सुरा चालवला. तो तिनं उघड्या पंजानं धरला. रक्त लक्ष्मीच्या पाठीवर उडालं. दुसऱ्या हातानं वहिनीनं अडसर उचलला आणि त्याच्या उजव्या खांद्यावर घातला. एकदा, मग परत. तिसऱ्यांदा घातला तेव्हा तो खुर्च्यांच्या मध्ये पडलेला होता आणि त्याचा हात भलत्याच बाजूला वळलेला होता.

पुढचं मला लिहायला आवडत नाही, पण लिहिते. डोक्यावरचा पदर सुटला, पुरुषाचं डोकं दिसलं, लक्ष्मीचा नवराच, आणि बायका त्याच्यावर तुटून पडल्या. चपलांनी, डब्यांनी, नखांनी. एकेकीच्या घरचं सगळं त्या वेळी बाहेर आलं. एका थोराड बाईनं त्याच्या तोंडावर टाच ठेवली होती आणि ती दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेऊन शिव्या देत होती. त्याचा डोळा फुटायच्या बेतात होता. दोन मिनिटांत तो मेला असता. तेव्हा वहिनी त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी राहिली आणि अडसर आमच्यावरच उगारला. "मागं व्हा! येक जरी फुडं आली तर तिचं डोस्कं फोडीन." पंजातून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. एकीनं ऐकलं नाही, तिच्या नडगीवर खरोखरच बसला. मग सगळ्या मागे झाल्या.

बाहेर दंगा कळला होता, दारावर धडका बसत होत्या. मालक ओरडत होते, दार उघड, महादेवी, पोलीस आलेत. वहिनीनं त्याला दाराशी ओढत नेलं, दारात अडसर परत घातला आणि म्हणाली, "समाप्त झाल्याबिगर दार उघडत न्हाय. बसा सगळ्या." आणि आम्ही बसलो, याचं मला आजही नवल वाटतं. तो विव्हळत होता, पडद्यावर आई मुलाचं तोंड चाचपत होती आणि आम्ही सगळ्या बघत होतो. 'समाप्त' आलं, मग दार उघडलं. पोलिसांनी विचारलं, कुणी मारलं. बायका म्हणाल्या, अंधार होता साहेब, आम्ही रडत होतो.

वहिनीच्या उजव्या पंजाची दोन बोटं पुढे कधी मिटली नाहीत. बुधवारचे खेळ मात्र टॉकीज पडेपर्यंत चालले. पाडायच्या दिवशी ती जाऊन अडसर खांद्यावर घेऊन आली आणि आपल्या खोलीच्या दाराला त्याच्या मापाच्या कड्या बसवून घेतल्या. त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली, फार वर्षांनी. मी म्हटलं, तू एक जीव वाचवलास, वहिनी. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "त्येला पिक्चर आवडलं हुतं गं. पहिल्यांदाच बघत हुता, त्येला कुटं ठावं, फुडं काय हाय ते. तोंड असं उघडं ऱ्हायल्यालं... मी थोडं थांबले असते तर त्योबी रडला असता का काय." मग चिरलेली भाजी परातीत लोटून, "पर थांबायचं कसं? सुरा हुता की." मला वाटतं, आयुष्यभर तिला एवढी एकच गोष्ट कळली नाही, आणि त्याचा तिला राग होता.

गेल्या बुधवारी मी वहिनीच्या खोलीत कपडे आवरत होते. बसवराजनं दार परत बसवून घेतलंय, फाटलेल्या फळीला नवी पट्टी मारलीय. लक्ष्मी आली. आता पिकून गेलीय, पाठीत वाकलीय. तिला बातमी उशिरा कळली. खूप वेळ ती अडसरावरून हात फिरवत बसली. मी तिच्या नवऱ्याचं विचारलं. "गेला की, लई वर्षं झाली," ती म्हणाली. "त्याचा तो हात परत वर उचलला गेला नाही. मीच भरवायची. भरवताना कधी कधी माझ्याकडे बघून रडायचा... अक्काला सांगायला येणार होते. राहून गेलं." बोलायला नको म्हणून मी टीव्ही लावला. कुठला तरी जुना सिनेमा चालू होता. लक्ष्मी उठली, दार लावून तिनं अडसर घातला, आणि वहिनीच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची अजून तशीच आहे, टीव्ही एका बाजूला, तोंड खोलीकडे. मी पलंगावर.

सिनेमातली मुलगी सासरी निघाली. लक्ष्मी पडदा न बघता ऐकत होती, तिनं पदर डोळ्यांना लावला. मग पदराआडून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"तुम्ही का रडत नाही?" तिनं विचारलं. "अक्का असत्या तर आता उठल्या असत्या."

मी दाराकडे पाहिलं. अडसर जागेवर होता, बाहेरून कुणी येणार नव्हतं... सिनेमा संपला तरी माझं रडणं थांबत नव्हतं, आणि लक्ष्मीनं दार उघडलं नाही.