चाळीस मिनिटांची खुर्ची

देव एकेकाला एकेक वेड देऊन पाठवतो. खुर्चीवाल्यांना त्याने थांबण्याचं वेड दिलं होतं.

त्यांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटावर होतं, पण तिथेही ते कुणी वाचत नसे. गाडीच्या डिकीत निळ्या कापडाची एक घडीची खुर्ची कायम पडलेली असायची, त्यावरून सगळे त्यांना खुर्चीवालेच म्हणत. हमरस्त्यावर विजेच्या गाड्यांसाठी चार्जर कुठे उभे करायचे, ती जागा शोधणं हे त्यांचं काम. जमीन मोजायची, विजेची लाइन किती लांब आहे ते पाहायचं, गाड्या आत कशा वळतील ते आखायचं आणि अहवाल द्यायचा. हे सगळं ते नीट करत. पण टेप गुंडाळून झाली की खुर्ची मांडायचे आणि घड्याळ लावून चाळीस मिनिटं नुसते बसायचे. रिकामी झालेली गाडी पुन्हा रस्त्याला लागण्याइतकी भरायला साधारण तेवढा वेळ लागतो. इथे जो थांबणार, त्याच्या आधी आपण थांबून पाहावं, एवढाच त्यांचा हिशोब.

पहिली दहा मिनिटं काही होत नसे. ट्रक जायचे, धूळ उडायची, मुंगी बुटावर चढायची. मग हळूहळू ट्रकचा आवाज लांबच्या पाण्यासारखा वाटायला लागे आणि जे अजून बांधलंच नाही ते त्यांना दिसू लागे. पांढरे उंच चार्जर, वर पत्र्याची सावली, जमिनीवर आखलेले पिवळे पट्टे. एखादी गाडी आवाज न करता वळून आत यायची, दार उघडायचं, कुणीतरी आळस देत उतरायचं. त्या माणसाचा चेहरासुद्धा त्यांना दिसे. चाळीस मिनिटं झाली की घड्याळ वाजायचं, आणि समोर पुन्हा मोकळं रान.

बायको म्हणायची, "लोक काम करून दमतात, आमच्याकडे बसून दमतात." ती स्वतः बसणाऱ्यांतली नव्हती. अर्धं जेवण तिचं उभ्यानेच व्हायचं. प्रार्थनेला बसली तरी एक कान कुकरकडे. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण ती स्वस्थ टेकलीय असं दृश्य खुर्चीवाल्यांनी बोटांवर मोजण्याइतकंच पाहिलं होतं.

या बसण्यातूनच त्यांची एक मोठी चूक झाली. नकाशावरचा सातवा चार्जर त्यांनी तळ्याकाठी बसवला. थंडीतल्या एका सकाळी ते तिथे बसले होते. पाण्यावर धुकं होतं, पांढरे पक्षी एका पायावर उभे होते, आणि चाळीस मिनिटं कधी सरली ते कळलंच नव्हतं. अहवालात त्यांनी लिहिलं, जागा उत्तम. चार्जर उभे राहिले, उन्हाळा आला, आणि तक्रारींची रांग लागली. सावली नाही. लहान मुलाला न्यायचं म्हटलं तर संडास नाही. काच खाली केली की चिलटं आत. एकाने तर लिहिलं की पक्षी बघायला आमची हरकत नाही, पण आधी पाणी प्यायला मिळू द्या. पुढेपुढे लोक त्या चार्जरला टाळून धापा टाकत पुढच्या चार्जरपर्यंत जाऊ लागले. ऑफिसात ‘तळं’ हा शब्द निघाला की सगळे छताकडे बघत.

आता नकाशावर एकच पोकळी उरली होती. डोंगर उतरल्यावर सुरू होणारा माळ, दीडशे किलोमीटरचा, मधे एकही चार्जर नाही. तेवढा एक उभा राहिला की या टोकापासून त्या टोकापर्यंत साखळी जुळणार होती. मुख्य इंजिनिअर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी जागा जवळपास ठरवलीच होती. माळाच्या मधोमध एक बंद पडलेला वजनकाटा होता, जिथे पूर्वी ट्रक तोलायचे. मोकळं सिमेंटचं अंगण, आणि भिंतीला लागूनच ट्रान्सफॉर्मर. खुर्चीवाल्यांनी फक्त मोजमाप घेऊन यायचं होतं. निघताना बाईंनी एवढंच सांगितलं की यापुढच्या जागा संगणकच निवडणार आहे, तेव्हा ही खुर्ची आता घरी ठेवलीत तरी चालेल. बाई चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर ते फार बोलले नाहीत. कपडे वाळत घालता घालता बायकोने सगळं काढून घेतलं आणि मग ती जे बोलली ते त्यांच्या मनात घर करून बसलं.

"अहो, तुम्हाला बसायला आवडतं म्हणून तुम्ही बसता. त्या गाडीवाल्यांना कुठे बसायचं असतं? त्यांना जायचं असतं."

रात्रभर, नाही म्हटलं तरी, ते हेच घोळवत पडले. खरंच होतं ते. एवढ्या वर्षांत रस्त्यावर जे बसलं ते एक थांबायला आवडणारं माणूस होतं. न आवडणारं माणूस कधी बसलंच नव्हतं. सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोला विचारलं, माळावर येतेस का. तिने आधी गॅसकडे पाहिलं, मग दोरीवरच्या कपड्यांकडे, आणि म्हणाली, येते, पण बसायला सांगू नका.

वजनकाट्यावर पोचायला दुपार झाली. अंगण चांगलं रुंद होतं, गाड्या वळायला जागाच जागा. खुर्चीवाल्यांनी घड्याळ लावलं, मांडीवर वही घेतली आणि या वेळी समोर न बघता गाडीत बसलेल्या बायकोकडे बघत राहिले. ती जे करील ते लिहायचं, आपलं काही घालायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तिसऱ्या मिनिटाला तिने काच वर केली. पाचव्या मिनिटाला दाराचं लॉक लावलं. मागच्या पडक्या खोलीच्या खिडकीत काहीतरी हललं; बकरी निघाली, पण तोवर आठवं मिनिट होतं आणि ती डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. नंतरचा सगळा वेळ तिचा एक हात दाराच्या मुठीवर होता. चाळीस मिनिटांत ती एकदाही खाली उतरली नाही.

तिथून साडेतीन किलोमीटर पुढे, रस्त्याच्या वळणावर, एक पंक्चरचं दुकान होतं. चालवणारी एक उंच, दणकट बाई होती, केसांना फडकं गुंडाळलेली. दुकानापुढे कडुलिंबाचं मोठं झाड, त्याखाली जुन्या टायरांवर फळी टाकून केलेलं बाकडं, बाजूला पाण्याचा नळ, आणि मागे कडी लागणारा स्वच्छ संडास. तो तिने स्वतःसाठी बांधला होता, पण किल्ली खिळ्यावर सगळ्यांसाठी लटकत असे. इथे खुर्चीवाल्यांची बायको दुसऱ्याच मिनिटाला उतरली. सहाव्या मिनिटाला तिने तोंड धुतलं. नवव्याला पंक्चरवालीच्या टबात बुडवलेल्या ट्यूबमधून बुडबुडे कुठून येतात ते ती वाकून बघत होती. विजेच्या गाड्या आल्या तर तुमच्या धंद्याचं कसं, असं तिने विचारलं, तेव्हा पंक्चरवाली हसली.

"त्यांना पेट्रोल नको असेल, हवा तर लागेलच ना?"

घड्याळ वाजलं तेव्हा दोघी कुठल्याशा दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोलत होत्या. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला खुर्चीवाल्यांनी हाक मारली, तर बायको म्हणाली, आलेच. छप्पन्नाव्याला आली.

त्यांनी वहीतलं सगळं जसंच्या तसं अहवालात उतरवलं, दोन जागा, शेजारी शेजारी, मिनिटासमोर मिनिट. स्वतःचं एक वाक्य घातलं नाही.

बैठकीत विजेचं काम पाहणारा इंजिनिअर आधी हसला आणि मग वैतागला. काट्यावर ट्रान्सफॉर्मर भिंतीला टेकून उभा आहे, हात लांब केला की वीज. आणि पंक्चरवालीपर्यंत साडेतीन किलोमीटर खांब उभे करायचे, ते कशासाठी, तर एका बाईला बुडबुडे बघायला आवडले म्हणून, असं तो म्हणाला. पुन्हा तळं करायचंय का, असंही विचारलं. सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

खुर्चीवाल्यांनी मात्र पाहिलं नाही. ते म्हणाले, "तळ्याला मी बसलो होतो. इथे बायकोला बसवलंय."

मोठ्या बाई वाचत होत्या. ‘मिनिट आठवं: देवाचं नाव घेतलं’ ही ओळ त्यांनी मोठ्याने वाचली तेव्हा खोलीत हशा पिकला. इंजिनिअर म्हणाला, आपल्या तक्त्यात देवाचा रकाना नाही. बाई हसल्या नाहीत. पान उलटून पुन्हा मागे आल्या.

"त्या काट्यावर खाली उतरल्याच नाहीत?"

"नाही, मॅडम. हात मुठीवर होता, शेवटपर्यंत."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी गेले होते गेल्या महिन्यात, जागा बघायला. एकटीच," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा उतरले नव्हते. गाडीतूनच मंजूर करून आले."

इंजिनिअरने कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि खांब मोजायला लागला. एवढ्या लांबच्या लाइनवर चार चार्जर झेपणार नाहीत, दोनच होतील, म्हणाला. बाई म्हणाल्या, दोन करा.

खांबांना पाच महिने लागले. दोनदा खडक लागला, एकदा वाऱ्याने तार तुटली. पंक्चरवालीने खांब उभारणाऱ्यांना लिंबाखाली जागा दिली आणि त्यांच्या ट्रॉलीची दोन्ही चाकं दुरुस्त करून दिली. चार्जर लागले, पिवळे पट्टे आखले गेले. साखळी जुळली त्या दिवशी नकाशावरचं शेवटचं भोक मोठ्या बाईंनीच हिरव्या टाचणीने बुजवलं. उद्घाटन वगैरे काही झालं नाही. खुर्चीबद्दलही पुन्हा कुणी काही बोललं नाही, ती डिकीतच राहिली.

पुढच्या सुटीच्या दिवशी दोघं माळावर गेली. एका चार्जरला आधीच एक गाडी लागली होती. तिच्यातली आई आपल्या मुलीचे पाय नळाखाली धूत होती. खुर्चीवाल्यांनी दुसऱ्या चार्जरची जाड केबल गाडीला लावली. हिरवा दिवा लागला, आत कुठेतरी मधमाश्यांसारखा बारीक गुणगुणाट सुरू झाला. त्यांनी लिंबाखाली खुर्ची मांडली आणि पंक्चरवालीशी दोन शब्द बोलून परत आले, तर खुर्चीत बायको बसली होती. फक्त पाठ टेकते, म्हणाली. लिंबाची बारीक सावली तिच्या कपाळावरून हलत होती. ट्रकचा आवाज लांबच्या पाण्यासारखा येत होता. पंधराव्या मिनिटाला तिची मान एका बाजूला कलली.

हे सगळं त्यांना ओळखीचं वाटलं. ते पांढरे चार्जर, ती सावली, मुलीचे ओले पाय. फक्त खुर्चीत आपल्याऐवजी ती असेल, हे तेवढं कधी दिसलं नव्हतं. मनातल्या मनात त्यांनी देवाला हात जोडले.

चाळीस मिनिटांनी गाडी भरली, गुणगुणाट थांबला. गाडी भरली की जागा लगेच मोकळी करायची, हा नियम त्यांनीच फलकावर लिहवून घेतला होता. ते उठले आणि रस्त्याकडे बघितलं. दोन्ही बाजूंना माळ रिकामा होता.

"मागे कुणी नाही," पंक्चरवाली ट्यूब पुसत हळूच म्हणाली. "झोपू द्या तिला."

खुर्चीवाले टायरांच्या बाकड्यावर टेकले. या खेपेला त्यांनी घड्याळ लावलं नाही.