पातेल्याचं झाकण आणि तळ्याचा तळ

कल्पना करा, तुम्ही उथळ तळ्यात होडीत उभे आहात. हातात मापाच्या खुणा केलेला बांबू. तो पाण्यात सोडायचा, तळाला लागला की खूण वाचायची. सोपं आहे ना? पण तळ लागला हे कळणार कसं? वरचा गाळ सैल भिजवलेल्या पिठासारखा असतो. जरा जोर लावला की बांबू त्यात शिरतो, आणि वहीत तळं आहे त्याहून खोल होऊन बसतं.

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातले मोजणीकाका एकोणतीस वर्षं हे काम करतायत. यंदा त्यांचं म्हणणं एकच होतं : पंपाच्या नळाचं तोंड गाळापासून जेमतेम हातभर वर उरलंय. आत्ता गाळ उपसला नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात गावाच्या नळांना चिखल येईल.

नव्या साहेबांनी स्वतः बांबू खुपसला. दोन मीटर.

"काका, भरपूर खोल आहे की. यंदा राहू दे."

"साहेब, तुम्ही जोर लावलात."

"मग काय बांबूला गोंजारू?"

"गोंजाराच. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं होतं."

दुसऱ्या दिवशी काकांनी बांबूच्या टोकाला पातेल्याचं पसरट झाकण तारेनं बांधून आणलं. झाकण गाळावर टेकलं, बांबू थांबला. एक मीटर दहा. मग झाकण सोडून, त्याच जागी, साहेबांच्याच हातानं पूर्ण जोर. दोन मीटर.

"मधले नव्वद सेंटिमीटर?"

"तेवढं पाणी तुम्ही काल वहीत भरलंत," काका म्हणाले. "पाऊस न पडता."

साहेब हसले. कालचा आकडा खोडून त्यांनी शेजारी सही केली, आणि आठवड्याभरात गाळ काढायची मंजुरी आली.

घरी मात्र मंजुरी नव्हती. "माझं झाकण तळ्यात डुंबतंय, आणि मी दुधावर ताटली ठेवतेय," काकू म्हणाल्या. काकांनी नवं झाकण आणलं. जुनं आता सरकारजमा.

संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते खिडकीपाशी बसतात. तिथे दर वर्षाची एक बरणी, प्रत्येकीत त्या वर्षीचा वाळवलेला गाळ. जुन्या बरण्यांत तांबडी माती, टेकडीकडच्या ओढ्याची. शेवटच्या चार बरण्यांत मात्र पिवळसर, चाळलेल्या पिठासारखी बारीक. तळ्याला मिळणारे तिन्ही ओढे काकांनी पायी पालथे घातले. अशी माती कुठेच नाही. कोडं हाती लागल्यापासून स्वारी खुशीत आहे.

"ओढ्यांनी आणली नाही, म्हणजे वाऱ्यानं आणली असणार," ते काकूंना म्हणतात. "पण चार वर्षांपूर्वी कुठली जमीन उघडी पडली असेल गं?"