चार वर्षांनी धाकटा जुळा

योर्मान आणि मी जुळी. तो आधी आला, मी वीस मिनिटांनी. अख्ख्या कोन्सुएलो गावाला हे ठाऊक होतं, कारण आईला त्या बाळंतपणाचा भारी अभिमान. दोन दिवस कळा, सुईणीनं हात टेकलेले, आणि शेवटी एक सोडून दोन पोरं! पावाच्या रांगेत उभी राहिली तरी ती हेच सांगायची.

आमच्या या योर्मानसाहेबांना कामाचा पहिल्यापासून कंटाळा. साखर कारखान्यात जायचं म्हटलं की अंग दुखायचं, मैदानावर दिवसभर बेसबॉलचा चेंडू फेकताना मात्र काही दुखायचं नाही. तो एकविसाचा झाला तेव्हा फेलिपिन नावाचा खेळाडूंचा दलाल म्हणाला, "हात सोन्याचा आहे रे, पण वय गेलं. अमेरिकेच्या संघांना सतराचा पिचर लागतो." आठ दिवसांत सतराचा दाखला हजर. मग माझं काय? मी थोरली बहीण! माझ्या आधी उडी मारून बाहेर आलेला हा बहाद्दर चारचौघांत मला "ताई" म्हणायला लागला. लाज कशाशी खातात ते त्याला कधी कळलंच नाही.

करार झाला. चार वर्षं तो तिकडच्या खालच्या संघांतून बसनं गावोगाव हिंडला आणि फोनवर नुसत्या बाता मारल्या.

"ताई, काल चेंडू ताशी सत्त्याण्णव मैल!"

"कोवळ्या वयात कमालच म्हणायची," मी म्हणायचे. की फोन बंद.

आई मात्र गप्प झाली होती. रांगेत आता ती सांगणार तरी काय?

मग सगळ्यात वरच्या संघाचं बोलावणं आलं. त्यासाठी नवा व्हिसा हवा, आणि व्हिसासाठी घरी चौकशी. योर्माननं आठवडाभर आईकडून घोकून घेतलं.

"मी कधी जन्मलो?"

"ताईनंतर चार वर्षांनी."

"चुकलीस तर मी संपलो, आई!"

चौकशीचा साहेब सज्जन निघाला. कॉफी प्यायला, तारखा विचारल्या. आईनं सगळ्या खोट्या तारखा धडाधड सांगितल्या. मी आईशेजारी बसलेली, योर्मान दाराशी छाती काढून उभा. वही मिटता मिटता साहेब सहज म्हणाला, "एवढा धिप्पाड मुलगा! बाळंतपण जड गेलं असेल, नाही का, एमिलिंदाबाई?"

झालं! आईचा चेहरा उजळला.

"जड? अहो, दोन दिवस! हा बाहेर आला, सुईण म्हणाली सुटलीस, आणि मी म्हटलं, थांब बाई, अजून एक आहे आत!" असं म्हणत तिनं माझा हात धरून मला पुढे ओढलं.

साहेबानं वही पुन्हा उघडली.

व्हिसा गेला, करार गेला. त्या दिवशी योर्मान आईवर इतका ओरडला की शेजारीपाजारी गोळा झाले. "अक्कल आहे का तुला? तोंड बंद ठेवता येत नव्हतं?"

"चार वर्षं ठेवलं होतं रे," आई रडत म्हणाली. "त्यानं विचारलं म्हणून..."

तिला पुरतं रडवून तो माझ्याकडे वळला. "आणि तू? शेजारीच बसली होतीस ना? तुला थांबवता आलं असतं तिला!"

"आलं असतं," मी म्हणाले.