रक्त माझं, सांगणार मीच

सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या वसाहतीत तिला सगळे ‘सिकलवाली जयश्री’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. एकदा पाण्याच्या टाकीजवळ तिने ते ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं करणं तिच्या स्वभावात नव्हतं. बोलणाऱ्या बाईला तिने तिथेच थांबवलं.

“काकू, नुसतं सिकल काय म्हणता? सिकलसेल म्हणा. घ्यायचं तर पूर्ण नाव घ्या.”

काकूंनी हंडा उचलला आणि घराकडे चालू लागल्या. जयश्री तेव्हा दहावीत होती.

तिचे वडील धुडकूभाऊ शहादा तालुक्यातले. पोरगी रांगत होती तेव्हाच बायकोला घेऊन सुरतेला आले आणि अमरोलीला लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, जॅकार्डच्या मागावर लागले. आई सरलाबाई घरीच साड्यांना स्टोन चिकटवायची. पोरीचे हात-पाय रांगायच्या वयापासून सुजायचे. आधी नजर उतरवून झाली, गावच्या देवाला नारळ वाहून झाला, आणि शेवटी सरकारी दवाखान्यात रक्त तपासल्यावर आजाराचं नाव कळलं. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं, फार दमणूक झाली की तिची हाडं ठणकायला लागत. साधं ठणकणं नव्हे ते. ती दात आवळून भिंतीला पाठ लावून बसे आणि सरलाबाई गरम पाण्याची पिशवी इकडून तिकडे फिरवत राहे.

मराठी शाळेतून दहावीला तिला चांगले मार्क पडले. आसपासच्या शाळांत अकरावी विज्ञान फक्त गुजराती माध्यमातच होतं. प्रवेशाच्या टेबलावरच्या साहेबांनी तिचा दवाखान्याचा कागद बघितला आणि आवाज मऊ केला.

“बेटा, आर्ट्स घे. सायन्सला प्रयोगशाळेत तासनतास उभं राहावं लागतं. तुला झेपायचं नाही.”

“बसून प्रयोग करता येत नाहीत का, साहेब?”

“भाषाही बदलणार. कशाला जिवाला त्रास?”

“त्रास घरी बसूनही होतोच,” जयश्री म्हणाली. “मग शिकून होऊ दे.”

सरलाबाईने मागून तिची ओढणी ओढली, पण ती खुर्चीवरून उठली नाही. प्रवेश मिळाला.

पहिल्याच आठवड्यात भाषेने तिला गाठलं. जीवशास्त्राला दक्षाबेन होत्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं की पुष्कळ कोष एकत्र येऊन पेशी बनते. जयश्रीने हात वर केला. “बेन, पेशी तर एकटीच असते. पेशी म्हणजेच सगळ्यात लहान एकक.” वर्ग हसला. मराठीतली पेशी ती गुजरातीत कोष, आणि मराठीत जिला ऊती म्हणतात तिला गुजरातीत पेशी म्हणतात, हे तिला कुठून माहीत असणार? दक्षाबेनही क्षणभर गोंधळल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी फळ्यावर दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि हसणाऱ्या मुलांना म्हणाल्या, “ही एक गोष्ट दोन भाषांत शिकतेय. तुम्ही एका भाषेत तरी शिका.”

त्या दिवसापासून दक्षाबेन आणि जयश्री यांचं जमलं. पेशी म्हणजे काय हे तिने ज्या हावरेपणाने शिकून घेतलं ते दक्षाबेनना नवीन होतं. बाकीची मुलं आकृती काढत, नावं देत आणि विसरत. जयश्री प्रत्येक भागाला विचारी, तू काय करतेस? पेशीभोवतीचं पटल आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं ते ठरवतं. आतल्या दाट द्रवात सगळा कारभार चालतो. तंतुकणिका अन्नातून शक्ती काढून देतात. केंद्रकात सगळ्या घडणीची माहिती असते, तिची नक्कल बाहेर जाते आणि रायबोझोम त्या नकलेबरहुकूम प्रथिनं विणतात.

ही शेवटची गोष्ट तिने घरी वडिलांना सांगितली तेव्हा धुडकूभाऊ म्हणाले, “हे तं आमनं जॅकार्डनं कार्ड शे.” भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली की कापडात त्याच नक्षीचं फूल उमटतं. एक भोक चुकलं की प्रत्येक साडीत पाकळी चुकणार. जयश्रीला ते फार पटलं. तिच्या रक्तात नेमकं तेच झालं होतं. हिमोग्लोबिन बनवायच्या माहितीत एकच अक्षर चुकलेलं, आणि अंगातल्या झाडून सगळ्या तांबड्या पेशींत तीच चूक.

बारावीत रक्ताच्या पेशी बघायचं प्रात्यक्षिक आलं. बोटाला टोचून घ्यायला कोणी पुढे होईना. जयश्री उठली.

“माझं घ्या, बेन. माझ्यात बघण्यासारखं आहे.”

दक्षाबेननी तिच्याकडे रोखून पाहिलं. “नक्की?”

“नक्की.”

नवी सुई घेतली, काचपट्टीवर थेंब पसरला, वाळवून रंग दिला. मुलं एकेक करून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू लागली. दक्षाबेन सांगत होत्या की तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रकच बाहेर टाकून देते, तंतुकणिकाही टाकते, कारण तिला सगळी जागा हिमोग्लोबिनसाठी हवी असते. म्हणून ती दुभंगून नवी पेशी करू शकत नाही, स्वतःची मोडतोडही फारशी सुधारू शकत नाही. आयुष्यभर प्राणवायूची ने-आण, बस्स. तिचं पटल इतकं लवचीक असतं की स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही ती दुमडून निघून जाते.

“आणि या विळ्यासारख्या?” एका मुलीने विचारलं.

“त्या माझ्या खास,” जयश्री म्हणाली. “प्राणवायू सोडला की यांच्यातल्या हिमोग्लोबिनचे एकमेकाला चिकटून लांब दोरे होतात. पेशी ताठ होते, दुमडत नाही. मग बारीक नळीत अडकते, मागच्या पेशींची वाट अडवते आणि पुढच्या हाडाला प्राणवायू मिळत नाही. तेव्हा मी गैरहजर असते.”

मुलं पुन्हा काचपट्टीकडे वळली. पण हे ऐकलेलं सगळ्यांनी सारख्याच अर्थाने घरी नेली नाही. दोन दिवसांत पालकांचे फोन सुरू झाले. या मुलीचं रक्त खराब आहे, आमच्या मुलांना प्रयोगशाळेत तिच्या शेजारी का बसवता? प्राचार्यांनी धुडकूभाऊंना बोलावून घेतलं. धुडकूभाऊ पाळी बुडवून, कपड्यांवर सुताची कसपटं तशीच घेऊन आले. सोबत जयश्री.

“भाऊ, वाईट वाटून घेऊ नका,” प्राचार्य म्हणाले. “परीक्षेपर्यंत तिला घरीच अभ्यास करू द्या. लोकांची तोंडं बंद होतील.”

“कोणत्या कारणासाठी, ते सांगा,” जयश्री म्हणाली.

“कारण तुला माहीत आहे.”

“मला माहीत आहे की हे संसर्गजन्य नाही. तुम्हालाही माहीत आहे. जे तुम्हा-मला दोघांनाही माहीत आहे त्यासाठी घरी मी का बसू? ज्यांना माहीत नाही त्यांना बोलवा.”

प्राचार्यांनी अपेक्षेने धुडकूभाऊंकडे पाहिलं. बाप तरी पोरीला गप्प करील असं त्यांना वाटलं असावं. धुडकूभाऊ सुरतेत इतकी वर्षं काढूनही चार माणसांत बोलायला बिचकणारे. त्यांनी खाली बघतच सांगितलं, आणि घरच्या बोलीत सांगितलं.

“साहेब, मनी पोरनं रगत मनंच शे. तिले काढानं व्हई तं माले बी सांगा, मी कोठे जाऊ?”

शेवटी पालकांना बोलावलं गेलं. दक्षाबेननी प्रयोगशाळा उघडून सूक्ष्मदर्शक मांडला आणि बाजूला उभ्या राहिल्या. बोलली जयश्री. हा आजार हातातून, ताटातून, श्वासातून जात नाही, तो फक्त आई-बापाकडून मुलाला येतो, हे तिने आधी सांगितलं. मग म्हणाली, “आता या, माझं रक्त बघा. ज्याची भीती वाटते ते डोळ्यांनी बघून घ्यावं.” काहीजण आले, काही दारातूनच परतले. एका आईने मुलीची जागा बदलून घेतलीच. जयश्री मात्र आपल्या जागेवरून हलली नाही. परीक्षेपर्यंत ती त्याच बाकावर बसली.

पुढे बी.एस्सी., एम.एस्सी., बी.एड. झालं. मध्ये तीनदा दवाखान्यात भरती, एकदा ऐन परीक्षेत. आता ती कोसाडलाच बारावीच्या मुलांचा जीवशास्त्राचा क्लास चालवते. थंडीत काही दिवस क्लास बंद राहतो. एका पालकाने त्याबद्दल तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, “बंद राहणारच. प्रवेश घेतानाच मी सांगितलं होतं. पोरगा पेशी शिकला नसेल तर सांगा.” पोरगा शिकला होता.

सरलाबाईला मात्र लग्नाची काळजी होती. सुरतेतल्याच भेस्तानच्या एका वाडीत, म्हणजे मंगल कार्यालयात, समाजाचा वधू-वर मेळावा होता. आईने फार गळ घातली म्हणून जयश्री गेली. आयोजक बळीराम आप्पांनी सरलाबाईला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, “वहिनी, आजाराचं काही बोलू नका. पोरगी दिसायला छान, शिकलेली. लग्न होऊन जाईल. नंतरचं नंतर.”

सरलाबाईने ते जयश्रीला सांगितलं. तिने आपला नंबर कितवा आहे तेवढं विचारून घेतलं.

मुली एकेक करून व्यासपीठावर जात, नाव, शिक्षण, गाव सांगत आणि खाली उतरत. जयश्रीचा नंबर आला. तिने माईक हातात घेतला.

“नमस्कार. मी जयश्री. शिक्षण एम.एस्सी., बी.एड. मूळ गाव शहादा तालुक्यात, राहणार कोसाड. मला सिकलसेल आहे.”

आप्पा व्यासपीठाच्या कडेने पुढे सरकले. तिने त्यांच्याकडे न बघता पुढे चालू ठेवलं.

“माझ्या आईला काही होत नाही. वडिलांनाही नाही. रक्ताच्या माहितीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून; या दोघांकडे चुकीची एकेकच प्रत आहे, दुसरी चांगली आहे, म्हणून दोघं धडधाकट. अशा माणसाला वाहक म्हणतात. वाहकाला स्वतःला कळतच नाही. या वाडीत आत्ता असे कितीतरी बसले असतील. दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक बाळाच्या वेळी चारांत एक शक्यता, की ते माझ्यासारखं होईल. रक्ताची तपासणी साधी आहे. ज्याला माझ्याशी बोलायचं असेल त्याने आधी ती करून यावं. पत्रिका नंतर बघू.”

“माईक बंद करा रे!” कोणीतरी ओरडलं. “समाजाची बदनामी चाललीय!”

“काका, बदनामी नाही, रक्त आहे,” ती म्हणाली. “माझं आहे, म्हणून मीच सांगणार.”

माईक बंद झाला. ती सावकाश पायऱ्या उतरली. सरलाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. दोघी जेवणाला न थांबता निघाल्या.

पुढच्या महिन्यात कडोदऱ्याहून एक मुलगा घरी आला. नाव लखन, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर. मेळाव्यात तो मागच्या रांगेत होता. आला तो तपासणी करूनच आला होता.

“मी वाहक निघालो,” तो म्हणाला. “मला तर कधी तापही येत नाही.”

जयश्रीने त्याला चहा दिला आणि नीट समजावलं. तिच्या दोन्ही प्रती चुकीच्या, तेव्हा बाळाला तिच्याकडून एक चुकीची येणारच. त्याच्याकडून दुसरी येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे प्रत्येक बाळाच्या वेळी निम्मी भीती.

लखन चांगला होता. शेजारच्याच आमच्या गॅलरीतून मी त्याला तीन-चारदा येताना पाहिलं. जयश्री त्याच्याशी हसून बोलायची, आणि ती तशी सगळ्यांशी हसत नाही. मग एकदा तो म्हणाला, “घरी माझ्या तपासणीचं नको सांगायला. आई मोडता घालील. लग्न करू, पुढचं देव बघेल.”

“देव बघेल तेव्हा बघेल,” जयश्री म्हणाली. “थंडीत दुखणारं हाड कसं असतं ते मला माहीत आहे. लपवून मी काही करणार नाही. तुझ्या आईसमोर सगळं सांग, मूल दत्तक घेऊ म्हणून सांग, मी उद्या लग्नाला उभी राहते.”

त्याने थोडा वेळ मागितला. मग त्याचं येणं थांबलं. पुढच्या वर्षी त्याचा फोन आला. लग्न ठरलं होतं, आणि मुलीची तपासणी आधी करून घेतली होती. ती वाहक नव्हती.

“हे बरं केलंस,” जयश्रीने सांगितलं आणि फोन ठेवला.

त्या दिवशी ती खूप रडली. सरलाबाईने स्टोनचं काम बाजूला सारून तिला जवळ घेतलं.

“माय, मनं काही चुकनं का?” जयश्रीने विचारलं.

“नही वं. बरोबर व्हतं, म्हनीसन तं रडू ई ऱ्हायनं.”

यंदा मेळाव्याचं निमंत्रण तिला आलं नाही. ती गेली. वाडीच्या फाटकाबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली, तपासणी कुठे होते ते सांगणारी पत्रकं घेऊन. बळीराम आप्पा तरातरा बाहेर आले.

“तुला बोलावलं कोणी?”

“कोणीच नाही, आप्पा. आत तुमचा मेळावा, इथे रस्ता.”

“लोक काय म्हणतील?”

“तेच ऐकायला बसलेय.”

आप्पा परत आत गेले. थोड्या वेळाने त्यांची धाकटी सून बाहेर आली. हातात पाण्याचा ग्लास होता. तो तिने जयश्रीला दिला, इकडेतिकडे पाहिलं आणि एक पत्रक मागून घेतलं.