दुर्बिणीचा खांब

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि कुठल्याशा योजनेतून उदगीरजवळच्या आमच्या शाळेला दुर्बीण आली. प्यायचं पाणी टँकरचं, आणि आम्हाला दुर्बीण. विज्ञान मी शिकवायचे, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. माझ्या क्वार्टरच्या भिंतीजवळ तिच्यासाठी सिमेंटचा खांब उभा केला.

या दुर्बिणीच्या बैठकीचा एक आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. तो नीट बसला की एकच चाक फिरवून कुठलाही तारा धरून ठेवता येतो. आसातल्या नळीतून बघत मी ध्रुव मधोमध आणला, स्क्रू आवळले. आठवड्यानं बघते तर ध्रुव कडेला. पुन्हा आणला, पुन्हा सरकला.

वडील तेव्हा माझ्याकडे होते. गावातल्या विहिरी आटल्या म्हणून लेकीच्या घरी यावं लागलं, हे त्यांना रोज टोचायचं. माझी खटपट बघून म्हणायचे, "देव सोडले आपण, अन् तू रोज सांजच्याला ध्रुवाच्या पाया पडून राहिलीस."

मी स्क्रूंवर चिडायचे. शेवटी गवंड्याचा ओळंबा आणून लावला, तर खांबच कललेला. दुष्काळानं काळी माती आटून फाटली होती आणि खांबाखालची भेग थेट आमच्या भिंतीखाली गेली होती. भिंतीला ओळंबा लावला. तीही आत झुकलेली. त्याच भिंतीला लागून वडिलांची बाज होती.

हेडमास्तरांना सांगितलं, तर ते हसले. "म्याडम, तारा सरकला म्हनून भिंत पडती का?"

मी घरी येऊन वडिलांना म्हटलं, "दादा, थोडे दिवस शाळेच्या व्हरांड्यात झोपा."

"गाव सोडलं पान्यापायी. आता ताऱ्यापायी घर सोडू? न्हाई."

मी खूप भांडले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हट्टात मी त्यांचीच मुलगी, मीही बोलणं टाकलं.

दोन दिवसांनी, मी वर्गावर असताना, भिंत पडली. सगळी शाळा विटा उपसायला धावली. वडील बाजेवरच होते, गेलेले. मला रडूही येईना, नुसता संताप येत होता, त्यांचा, मातीचा, त्या दुर्बिणीचा.

विटा उचलून झाल्यावर बाज मोकळी झाली. सकाळी भिंतीला लागून असलेले तिचे पाय आता भिंतीच्या जोत्यापासून हातभर लांब टेकलेले होते. मी शाळेत गेल्यावर त्यांनी ती सरकवली असणार. माझं ऐकलं होतं त्यांनी, हातभर.