शकुनाची कळशी

मला उंचीची भीती वाटते. स्टुलावर चढून पंख्याची धूळ काढायची म्हटली तरी खाली कुणाला तरी स्टूल धरून उभं राहावं लागतं, आणि धरणाऱ्यालाच मी वरून शिव्या घालते. अशा बाईने उंच बंगल्यांच्या काचा धुवायचा धंदा काढला म्हटल्यावर वाडीची चांगलीच करमणूक झाली. आमच्या वाडीला करमणुकीसाठी तसं फारसं काही लागत नाही.

त्याआधी मी गोव्यात एका हॉटेलात साफसफाईची सुपरवायझर होते. नवरा बोटीवर, त्याचं कंत्राट कधी असतं, कधी नसतं. सासूबाई गेल्या आणि खाडीकाठच्या घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, एकटे उरले. म्हणून मी नोकरी सोडून घरी आले. पण घर चालवायचं तर मला कमवणं भाग होतं. मुंबईच्या नणंदेने आपला बेत आधीच सांगून ठेवला होता. इथे माझं जमलं नाही आणि मी गोव्याला परत गेले, तर ती बापाला आपल्याकडे नेणार, पाचव्या मजल्यावर, जिथे खिडकीतून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसतात. मामंजींनी ते ऐकलं आणि त्या रात्री माशाच्या कढीलासुद्धा हात लावला नाही. त्यांना तिथे न्यायचं म्हणजे माडाचं झाड उपटून कुंडीत लावण्यातला प्रकार होता, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तर हा धंदा. हॉटेलात एकदा एक माणूस हे सामान दाखवायला आला होता. एकात एक सरकणारा लांबलचक हलका पोल, टोकाला ब्रश, आणि आतून गेलेली बारीक नळी. पंप चालू केला की पाणी थेट ब्रशातून बाहेर पडतं. आपण जमिनीवर उभं राहायचं, वरची काच घासायची, नुसत्या पाण्याने खंगाळायची आणि निघून जायचं. साबण नाही, फडका नाही, शिडी तर नाहीच. माझ्यासारखीला हे म्हणजे देव भेटल्यासारखं झालं. अट एकच, पाणी असं शुद्ध हवं की सुकल्यावर मागे काही उरता कामा नये. साध्या पाण्यात क्षार असतात, आणि थेंब वाळला की त्यांचा पांढरा डाग काचेवर राहतो. म्हणून पाणी आधी यंत्रातून गाळायचं, मग क्षार शोषून घेणारं रेझिन भरलेल्या एका बाटल्यातून काढायचं, आणि शेवटी पेनाएवढा मीटर त्यात बुडवायचा. मीटरवर शून्य आलं तरच ते पाणी कामाचं.

वाडीला यातलं काहीच पटलं नाही.

"पुसूचा नाय?" शेजारीण म्हणाली. "मगे धुतलंस कशाक?"

आमच्याकडे काच पेपराने पुसतात. पेपर वाचून झाल्यावर दुसरा उपयोग काय, असा त्यांचा सवाल असतो, आणि आमच्याकडे येणारा पेपर बघता तो रास्तच आहे.

मीटरची बातमी मात्र फुटली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. आमच्या भागात घराघराला आपल्या विहिरीचा गर्व. पाहुणा आला की आधी तांब्या पुढे करतात आणि तो पाण्याचं कौतुक करीपर्यंत चहा टाकत नाहीत. लोक रक्त तपासायला यावं तसे बाटल्या घेऊन आमच्या पडवीत येऊ लागले. मी मीटर बुडवायचा, आकडा सांगायचा, आणि एक घर खूश, दुसरं घर माझ्याशी अबोला धरून. दोन सख्ख्या जावा माझ्यामुळे भांडल्या. शेवटी कुणीतरी विचारलंच, तुमच्या बावीचं काय?

मी आमच्या विहिरीत मीटर सोडला. आकडा सातशेच्या घरात गेला. अख्ख्या वाडीत एवढं खराब पाणी कुणाचंच नव्हतं. खाडी शेजारी, ती काय गप्प बसणार? हळूहळू आत आली होती.

ही विहीर मामंजींनी स्वतः खणलेली. ते खाली खणायचे आणि सासूबाई वरून मातीच्या पाट्या ओढायच्या. त्या विहिरीबद्दल वाकडा शब्द ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

"मीटर खोटो आसा," ते म्हणाले. "नवो सेल घाल."

मी नवा सेल घातला. आकडा आणखी थोडा चढला. मामंजी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा माझ्या शुद्ध पाण्याचा घोट घेऊन बोलले. "मेलेला पाणी ह्या. चव खंय आसा तेका?" चव नव्हतीच, तेवढं खरं होतं.

मग सराव. शेजाऱ्यांच्या दुमजली घरावर मी पोल चालवायला शिकले, म्हणजे आधी बरंच पाणी माझ्या अंगावर चालवलं. हात वर केला की पाणी पोलावरून मनगटाकडे, बाहीतून काखेत, आणि तिथून पुढे जिथे जायचं तिथे जातं. मान तर अशी अवघडली की मी काही दिवस सगळ्या जगाकडे आढ्याकडे बघावं तसं बघत होते. आधी खालची काच धुतली, मग वरची, आणि वरचा सगळा मळ आरामात खाली उतरला. मग कळलं, आधी चौकटी, मग काच, तीही वरून खाली. एक खिडकी उघडी होती हे मला दिसलं नाही. आत दुपारी झोपलेला शेजारी आंघोळ करूनच उठला. त्याने मला जे काही ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, पण त्याची काच लख्ख झाली होती.

पहिलं खरं काम मिळालं आंटीकडे. आंटी म्हणजे वर जांभ्याच्या उतारावर राहणारी, आमच्या सासूबाईंची जुनी मैत्रीण. चर्चच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, जिभेला हाड नसलेली. मुलगा आखातात, त्याने बंगल्याला समुद्राकडची एक अख्खी भिंत काचेची करून दिली. पर्यटकांना खोल्या द्यायच्या, त्यांना काचेतून समुद्र दिसावा म्हणून. झालं भलतंच, समुद्रच खारा वारा होऊन काचेवर येऊन बसला. सासूबाई हयात असताना रोज संध्याकाळी काखेत कळशी घेऊन आंटीकडे जायच्या. सुट्टीला आले की मी ते बघायचे आणि मला वाटायचं, घरातून सुटायला कळशी हे बरं निमित्त आहे.

"एकदा करून दाखय," आंटी म्हणाली. "बरा दिसला तर म्हयन्याक येय. नायतर मी आपलो पेपर काढतंय."

उतारावरचे बाकीचे बंगलेवाले सगळं आंटीला विचारून करायचे. ती हो म्हणाली तर माझा धंदा उभा राहणार होता, आणि नाही म्हणाली तर मी गोव्याला आणि मामंजी पाचव्या मजल्यावर.

त्या सकाळी टेम्पो अंगणात उभा होता. नवशिक्याच्या हावरटपणाने मी सगळं घर त्यात भरलं होतं: पोल, पंप, नळ्या, रेझिनचा बाटला, आणि शून्य पाण्याने भरलेली टाकी. ते पाणी मी मीटरवर शून्य बघून भरलं होतं. मामंजी म्हणाले, गाऱ्हाणं घातल्याशिवाय टेम्पो हलायचा नाही. आमच्याकडे नवीन काहीही करायचं तर घरातला मोठा माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे हुंकार देतात. मी आत पोलाच्या पिशवीची दोरी शोधत होते. बाहेरून मामंजींचा आवाज येत होता.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरची सून काच धुवूक भायर पडता हा!"

"होय म्हाराजा!" टेम्पोवाला आणि शेजारी एका सुरात म्हणाले.

"तिच्या दांड्याक यश दी, तिच्या मानेक बळ दी! कोण वाकडा बोलीत, तर तेच्या काचेर कावळो बसव, आणि त्या कावळ्याचा पोट बिघडव!"

"होय म्हाराजा!"

मी बाहेर आले तेव्हा नारळ फुटला होता आणि मामंजींच्या हातात रिकामी कळशी होती. चाकावर पाणी घातलं असेल, असं मला वाटलं. मामंजी पुढच्या सीटवर टेम्पोवाल्याशेजारी जाऊन बसले. मी नको म्हणत होते तरी ते आलेच.

काम छान झालं. मी चौकटी घासल्या, मिठाचा थर घासला, ब्रश काचेपासून उचलून वरून खाली पाणी सोडलं. टाकी संपत आली तेव्हा अख्खी भिंत ओली चकचकत होती. आंटी खुर्ची घेऊन समोर बसली होती आणि मी फडका कधी काढते याची वाट बघत होती. मी काही काढला नाही. ऐटीत नळी गुंडाळायला घेतली.

काच वाळू लागली आणि वरच्या कोपऱ्यापासून डाग उठायला लागले. पांढरे, गोल, देवी आल्यासारखे. आधी थोडे, मग सगळीकडे. त्यातून समुद्र दिसत होता, पण ठिपक्याठिपक्यांचा.

मी धावत जाऊन टाकीच्या तळाशी मीटर बुडवला. शून्य नव्हतं, पन्नासच्या वर होतं. आणि मला ती रिकामी कळशी आठवली.

"मामंजी, टाकयेत काय घातलात?"

"एक कळशी," ते म्हणाले. "आपल्या बावीची. शकुनाक."

माझा तोल सुटला. तिऱ्हाईताच्या अंगणात सुनेने सासऱ्याला बोलू नये तसं मी बोलले. "आता जावा तुमी मुंबयेक पाचव्या माळ्यार! आणि थंय नळाक गाऱ्हाणा घाला!"

मामंजी पायरीवर जाऊन बसले. टेम्पोवाला टायरकडे बघू लागला. आंटी उठली, काचेजवळ गेली, बोटाने एक डाग खरवडला.

"पाणी होया मा तुका?" ती म्हणाली. "माझी बाव आसा. तेच्यात घाल तुझो मीटर."

मी घातला. आकडा आमच्या विहिरीच्या दहाव्या हिश्शाएवढाही नव्हता. रेझिनचा बाटला नशिबाने बरोबर होता. त्यातून काढलं तर शून्य सहज येणार होतं. मी आकडा मोठ्याने सांगितला. मामंजी पायरीवर होते हे मी त्या घाईत विसरले.

"असतलाच," आंटी म्हणाली. "तुझी सासू काय उगाच येय रोज कळशी घेवन? ह्या म्हाताऱ्याच्या चायेक हयसून पाणी न्हेय ती. माका म्हणा, 'घरच्या पाण्याची चाय बरी जायना नाय, पण तेंका सांगलंय तर बावीत उडी मारतीत.'" एवढं बोलल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मामंजी समुद्राकडे बघत होते.

"माका ठावक आसा," ते म्हणाले.

आंटीने हात खाली घेतला. "तुका ठावक होता?"

"माका जीब नाय काय? चाय पिवन झाली की मी रोज मुद्दाम मोठ्यान म्हणा, आमच्या बावीचा पाणी, दुसरा काय! तिका बरा वाटा." मग ते माझ्याकडे वळले. "तुझो दांडो परदेसातलो, पाणी यंत्राचा. पयल्या दिवशी घरातला कायतरी सोबत होया म्हणान घातलंय. एका कळशेन एवढा जायत असा माका वाटूक नाय गो."

मला रडूच फुटलं. राग होता तो कुठे गेला ते कळलं नाही, आणि पाचव्या माळ्याचं जे बोलले ते परत तोंडात घालता येत नव्हतं. मी नळी जोडायला वाकले, म्हणजे तोंड दिसणार नाही.

त्या विहिरीचं पाणी मामंजींनी काढलं. टेम्पोवाला रहाट धरायला गेला तर त्याला त्यांनी हाकलला. एकेक बादली ओढत होते, धापा टाकत होते आणि मध्येच एकदा त्यांनी ओंजळीने दोन घोट पिऊन घेतले. मी अख्खी भिंत पुन्हा धुतली. मग आम्ही चौघंही ती वाळण्याची वाट बघत अंगणात बसलो. कोपरा वाळला, मधला भाग वाळला, आणि काच आहे की नाही असं वाटायला लागलं. पलीकडे समुद्र स्वच्छ होता, एक होडी होती, तिच्यावरची जाळीसुद्धा दिसत होती.

आंटी आतून पेपर घेऊन आली. काचेवर घासला, उलटून बघितला. त्याला कणभरही मळ लागला नव्हता.

"माझो पेपर फुकट गेलो," ती म्हणाली. "म्हयन्याक येय."

आता उतारावर कुठल्या ना कुठल्या बंगल्याचं काम असतंच. नणंदेचा फोन येतो, पण पाचव्या मजल्याचा विषय निघत नाही. मामंजींचं गाऱ्हाणं दर खेपेला होतं, फक्त आमच्या विहिरीची कळशी आता पुढच्या चाकावर रिकामी होते, आणि ती होताना मी शेजारी उभी असते.

परत येताना टेम्पोत आंटीच्या विहिरीची एक कळशी असते, तोंडाला फडकं बांधलेली. ती मी मागच्या दाराने आत नेते. त्याबद्दल कुणी विचारत नाही, मी सांगत नाही. त्या पाण्याचा चहा करून पडवीत नेऊन देते. मामंजी शेवटच्या घोटापर्यंत पितात, कप खाली ठेवतात आणि शेजारच्या अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात,

"आमच्या बावीचा पाणी, दुसरा काय!"

आणि मी आतून, चुलीपाशी उभी राहून, हुंकार देते, "होय म्हाराजा!"