चार बटणांचा मिक्सर

मंडळाचा मिक्सर मी दुरुस्तीला घेतला, तेव्हा त्यात एकच दोष होता.

(मिक्सर म्हणजे चटणीचा नव्हे, कानडी मुलखातल्या आमच्या जयनगरच्या घरात चटणी तेव्हा पाट्यावरच वाटली जाई. हा चार माइकांचे आवाज एकत्र करून कर्ण्याला पाठवणारा, बिस्किटांच्या डब्याएवढा.) बटण फिरवलं की कर्ण्यातून खर्रर्र! शिवाजीनगरचा दुरुस्तीवाला म्हणाला, "आत धूळ बसलीय. आठ दिवस लागतील." गणेशोत्सवातलं गाणं तर चार दिवसांवर. आणि गाणार कोण? माझी बायको सुशीला, लग्नानंतर अकरा वर्षांनी पहिल्यांदा! माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, आधीच बजावलं होतं, "संसारात पडल्यावर गळा राहतो होय? हसं करून घेशील!"

मग मीच मिक्सर उघडला. ब्रश आणि स्पिरिट घेऊन धूळ काढली. बटणांवरचे आकडे झिजले होते, तेही नवे चिकटवले. मागे उभं राहून माइक जोडायच्या भोकांना डावीकडून एक ते चार. पुढे येऊन बटणांना डावीकडून एक ते चार. मग चारही बटणं दहापैकी पाचावर ठेवून प्रत्येक माइकमध्ये बोलून पाहिलं. खरखर शून्य!

"एकेक बटण फिरवून बघा की," सुशीला म्हणाली.

"तीनदा तपासलंय!" (तिन्ही वेळा चारही बटणं पाचावरच होती.)

कार्यक्रमाला एक नंबरचा माइक सुशीलाला, दोनचा तबल्याला, तीनचा तंबोऱ्याला, चारचा पेटीला. अक्का पहिल्या रांगेत. सुशीलानं आलाप सुरू केला.

"अण्णा, वैनींचा आवाज स्वल्प वाढवा की हो!" मंडळाचे चिटणीस श्यामराव मागून ओरडले.

मी एक नंबर वाढवला. पेटी गरजली!

"पेटी कमी करा!"

मी चार नंबर कमी केला. सुशीला गप्पच झाली! म्हणजे गात होती, तोंडही हलत होतं.

"अरे, गातंय कोण?" अक्का मोठ्यानं म्हणाली. "बायको का पेटी?"

तबला आवरायला गेलो, तर तंबोरा गेला. सुशीला ताना घेता घेता माझ्याकडे अशी बघत होती की मला घामच फुटला. घाईत एक नंबर थेट दहावर नेला. कर्ण्यानं अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेनं कानांत बोटं घातली. मी वाकलो आणि प्लगच उपटला.

शांतता. आणि त्या शांततेत सुशीलाचा आवाज शंभर खुर्च्यांच्या सभागृहात अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. अर्धा तास कोणी खोकलंसुद्धा नाही.

"सरी," (कानडीतलं 'बरं') अक्का डोळे पुसत म्हणाली, "गळा राहिलाय बाई तुझा!"

मी मिक्सरच्या मागे गेलो. मागची डावी बाजू म्हणजे पुढची उजवी, हे तेव्हा ध्यानात आलं! तेवढ्यात श्यामराव धावत आले. "अण्णा, दुरुस्ती असावी तर अशी! सुरुवातीला थोडी गडबड झाली, पण नंतर काय स्वच्छ आवाज! समोर बसून गातायत असंच वाटलं!"

सुशीला माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यभर स्पष्टवक्ता. म्हटलं, "जरा काळजीपूर्वक केलं, इतकंच."

तेव्हापासून मिक्सरची देखभाल माझ्याकडेच आहे. दरवर्षी उघडतो, धूळ झाडतो, बंद करतो, आणि कार्यक्रम सुरू होताच प्लग काढून ठेवतो. आजवर एकही तक्रार नाही.